को लान यांचा मॉल

ह्यूस्टनच्या त्या व्हिएतनामी मॉलमध्ये को लान यांचं फक्त एक कापडाचं दुकान होतं, तेही जिन्याखालचं. वागायच्या मात्र अख्खा मॉल आपल्या नावावर असल्यासारख्या. सकाळी दुकान उघडण्याआधी त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारायच्या. मासळीवाल्याच्या दारात पाणी सांडलेलं दिसलं की त्याला ते पुसायला लावायच्या, आणि तोही कुरकुरत का होईना, पुसायचा. व्हिएतनामीत 'को' म्हणजे मावशी. तिथे लहानथोर सगळ्यांच्याच त्या मावशी होत्या.

मी २००३ साली लग्न होऊन नागपूरहून आले. सुधीर दिवसभर ऑफिसात, आणि मला डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. त्या मॉलमध्ये केळफूल आणि अळू मिळतं असं कळलं म्हणून गेले आणि ब्लाउज शिवायचं निमित्त काढून को लान यांच्या दुकानात शिरले. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं बुजरं. 'कशी आहेस?' असं त्या कधीच विचारत नसत. 'भात खाल्लास?' असं विचारायच्या. नाही म्हटलं की मशीनवरचं कापड बाजूला सारून माझ्यापुढे वाडगा ठेवायच्या.

मॉलबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. "आम्ही युद्धानंतर व्हिएतनामहून होडीतून निघालो तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. आता बघ, अमेरिकन माणसं इथे येऊन मला विचारतात, सूप कुठलं चांगलं?"

२००५च्या ऑगस्टअखेरीस वादळानं न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेलं. तिथली व्हिएतनामी कुटुंबं मिळेल त्या गाडीत बसून ह्यूस्टनकडे निघाली. ओळखीचं कोणी नव्हतं, पण मॉल सगळ्यांना ठाऊक होता. पार्किंग लॉट गाड्यांनी भरून गेला. हॉटेलवाल्यांनी बाहेर पातेली मांडली. को लान भर उन्हात उभ्या राहून एकेक कुटुंब कोणाच्या ना कोणाच्या हवाली करत होत्या. टीव्हीवाल्या मुलीनं विचारलं, "हे काम कुठल्या संस्थेचं?" त्या म्हणाल्या, "संस्था कसली? हा आमचा मॉल आहे."

मी तांदळाची पिशवी द्यायला गेले होते. त्यांनी माझा दंड धरला आणि एका म्हाताऱ्या जोडप्यासमोर उभं केलं. "हे दोघं तुझ्याकडे."

"को लान, मला यांची भाषा येत नाही. घरही एकाच बेडरूमचं आहे."

"दार आहे ना? तांदूळ आहे ना? भाषा मागाहून येईल."

मी सुधीरला फोन लावला. तो म्हणाला, "बेडरूम त्यांना देऊ. आपण हॉलमध्ये गादी टाकू."

आठवड्याभरात गणपती आले. मी मोदक करत होते. तोवर दिवसदिवस खिडकीशी बसून राहणाऱ्या आजी उठल्या, हात धुऊन माझ्या शेजारी बसल्या आणि माझं बघून उकडीची पारी करू लागल्या. आरतीला आजोबा हात जोडून उभे राहिले आणि आरती संपेपर्यंत रडत होते. को लान फळांची टोपली घेऊन आल्या होत्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "मी माणसं भलत्या घरी पाठवत नाही." तेव्हा मला इतका अभिमान वाटला, की त्यांना अभिमान माझा वाटत होता की स्वतःचा, हे विचारायचं राहूनच गेलं.

हिवाळा सरल्यावर आजी-आजोबा आपलं घर पुन्हा उभं करायला परत गेले. २००८ मध्ये सुधीरला मिशिगनला, ट्रॉयमध्ये नोकरी लागली. निरोप घ्यायला गेले तेव्हा को लान यांनी विचारलं, "तिथे तुमची माणसं आहेत?"

"आहेत थोडीफार."

"मग सगळ्यांनी मिळून एक जागा ठरवा. दुकान असो, देऊळ असो. पाणी घरात शिरलं की कुठे जायचं, हे माणसाला आधीच माहीत पाहिजे."

त्या मला गाडीपर्यंत सोडायला निघाल्या. वाटेत प्रत्येक दुकानाशी थांबून माझ्याकडे बोट दाखवत काहीतरी सांगत होत्या, आणि दुकानदार माझ्याकडे बघून मान डोलवत होते. न राहवून मी विचारलं, "काय सांगताय सगळ्यांना?"

"सांगतेय, ही मिशिगनला चालली आहे," त्या म्हणाल्या. "तिकडे आपलं कोणी अडकलं, तर हिच्या घरी पाठवा."