पहिला मांडा

बाळांनो, यंदा मांडे का पाठवले नाहीत, असं तुम्ही दोघांनीही फोनवर विचारलंत आणि मी विषय बदलला. ते बरं झालं नाही, म्हणून लिहिते.

तुम्हाला समोरच्या घरातली ती मुलगी आठवत असेल. पालथ्या खापरावरून पहिला मांडा उतरला, की त्याचा तुकडा तोंडात टाकून ती डोळे मिटायची. आम्ही सगळ्या थांबायचो. मग निकाल यायचा, "पास." लग्नघरची माणसं दारात खोळंबली असली, तरी त्याआधी दुसरा मांडा कुणी हातावर घेत नसे.

तिची आई लग्नाकार्यांचे गव्हाचे मांडे करायची. मुलीला जन्मापासून डाउन सिंड्रोम. मी ओट्यावर इंग्रजीचे पेपर तपासायला बसले, की ती शेजारी बसून लाल पेनाकडे बघत राही, पास-नापास तिथलंच. एकदा तिने माझी केळ्याची भाजी सगळ्यांसमोर नापास केली. का, विचारलं तर म्हणाली, "अभ्यास कमी."

तिशी आली तरी ती काडीसारखी होती. पोट फुगायचं, रक्त कमी असायचं, बसल्या जागी पेंगायची. टॉनिकच्या बाटल्या तेवढ्या बदलत. अशी मुलं अशीच असतात, असं सगळे म्हणत. मीही म्हटलं. पोट बिघडलं की दुधात मांडा कुस्करून दे, हलका असतो, हे तिच्या आईला मीच सुचवलं होतं.

गेल्या वर्षी तिला नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी कधी केली होती? आम्ही दोघींनी ते नावच पहिल्यांदा ऐकलं. गव्हाने आतडं खराब होत जातं, असा तो आजार. डाउन सिंड्रोम असलेल्यांमध्ये तो इतरांपेक्षा जास्त आढळतो, थोड्याशा रक्तावरून त्याचा माग लागतो, हे त्या अगदी सहज सांगत होत्या. इतक्या वर्षांत कुणी ते रक्त तपासलं नव्हतं. मी जन्मभर इंग्रजी पुस्तकं वाचली. मला ठाऊक नव्हतं.

आई म्हणाली, आजपासून गहू बंद. डॉक्टर म्हणाल्या, "आत्ताच नाही. तपासण्या होईपर्यंत चालू ठेवा. नाहीतर आजार असून दिसणार नाही."

रक्ताचा रिपोर्ट आला, मग इंदूरला आतड्याचा तुकडा काढून तपासला. मधल्या दिवसांत आम्ही तिला जाणूनबुजून गहू चारत होतो. पहिला मांडा तिच्या तोंडात जाताना मला बघवेना. ती डोळे मिटून म्हणायची, "पास."

आजार निघाला. आई माझ्या ओट्यावर येऊन बसली. "बाई, मी तिले माझ्या हातानं खिलवलं ना."

"दुधातलं मी सांगितलं होतं," मी म्हणाले.

मांड्यांचं पीठ घरभर उडतं, भांड्यांना चिकटतं, आणि तिला आता तेवढंही चालत नाही. आईने खापर अंगणात आपटून फोडलं आणि लेकीला घेऊन तुकईथडला भावाकडे गेली. तिथे घरात ज्वारीच खातात.

परवा मी जाऊन आले. तिच्या गालांवर मांस आलंय. तिने आधी माझी पिशवी उघडून पाहिली. आत केळीच होती. मग तव्यावरची पहिली भाकरी तिच्यापुढे आली. तिने तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. "नापास."

मामी म्हणाली, रोज हेच.

भाकरी अजून पास झालेली नाही. पण पहिली तिलाच देतात, आणि तिच्या निकालाआधी दुसरी तव्यावर पडत नाही.