हळद फॉरेन आहे

लग्नाचा फोटोग्राफर दुसऱ्या फोटोग्राफरला भेटला की "कसा आहेस?" विचारत नाही. "बॉडी कशी आहे?" विचारतो. कॅमेऱ्याची! जळगावला स्टँडमागच्या टपरीवर आमची चौकडी जमली की असे किस्से निघतात, आणि चहाआधी आमचीच डोकी उकळतात.

*

माझा कॅमेरा सगळ्यात महाग. टपरीवर त्याचं नाव 'जावई', कारण त्याचे लाड संपत नाहीत. धरणगावला मे महिन्यातल्या लग्नात ऐन वरमाळेला तो तापला आणि बंद पडला. मी धावत जाऊन त्याला कूलरसमोर धरलं. नवरदेवाची आजी कडाडली, "नवरदेव घाममा भिजी गया, अन् कूलर त्या डबडाले!"

कंपनीला फोन लावला. तिथली पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, जास्त उन्हात वापरू नका."

"मग लग्नं काय काश्मिरात लावू?" मी ओरडलो. तिनं फोन ठेवला.

*

दुसऱ्या एका कंपनीचा माल आम्ही सगळ्यांनीच घेऊन पाहिला. त्याच्या पकडीवरचं रबर एका सीझनमध्ये सुटतं. दुकानदार म्हणतो, "ओरिजिनल रबर येत नाही, पंक्चरवाल्याकडून चिकटवून घ्या." एवढे पैसे मोजून पंक्चरवाला! त्या कॅमेऱ्याचं नाव 'नागोबा'. दर उन्हाळ्यात कात टाकतो.

*

नशिराबादचे नाना आमच्यात सगळ्यात वडील. त्यांच्या जुन्या वजनदार कॅमेऱ्याला आम्ही 'म्हैस' म्हणतो. एका वरातीत नाना ट्रॅक्टरवरून कॅमेऱ्यासकट पडले. गुडघा फुटला, म्हशीला ओरखडा नाही! डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलावा लागेल.

नाना म्हणाले, "याच कंपनीना गुडघा भेटी का?"

आता कंपनीनं ते मॉडेल बंद केलंय. का बंद केलं? टिकत होतं म्हणून! दुसरं कारण असेल तर मला सांगा.

*

पारोळ्याचे सलीमभाई. तिथं लग्न ठरलं की आधी त्यांची तारीख विचारतात, मग हॉलची. गेल्या सीझनला त्यांनी नवा कॅमेरा घेतला. डब्यावर मोठ्या अक्षरात 'धूळ-पाण्यापासून संरक्षण'. पहिल्याच हळदीत शटर अडकलं. नवरीच्या बापानं सगळ्यांदेखत सुनावलं, "उद्या येऊ नका, दुसरा बघतो." इतक्या वर्षांचं नाव एका संध्याकाळी गेलं.

सर्व्हिस सेंटरवाल्यानं कॅमेरा उघडून पाहिला आणि सांगितलं, "आत फॉरेन मटेरियल आहे. वॉरंटी नाही."

सलीमभाई म्हणाले, "साहब, हल्दी तो यहीं की है. फॉरेन तो तुम्हारा कॅमेरा है!"

तो हसला. मला आजही त्या हसण्याचा राग येतो. उरलेला सीझन सलीमभाईंनी नानांच्या म्हशीवर काढला.

*

मग सलीमभाईंच्या त्या कॅमेऱ्याच्या कंपनीनं धुळ्याला हॉल घेऊन कार्यक्रम ठेवला. एसी, समोसे, टायवाला साहेब. आम्ही सलीमभाईंना ओढून नेलं. साहेबानं नवा कॅमेरा टेबलावर ठेवून त्याच्यावर बाटलीभर पाणी ओतलं आणि फोटो काढून दाखवला. "धूळ, पाऊस, काहीही टाका! आहे कुणाला शंका?"

सलीमभाई उठले. शांतपणे टेबलापाशी गेले आणि खिशातून हळदीची पुडी काढली.

"साहब, जरा ये डालते हैं."

साहेबानं कॅमेरा झडप घालून पोटाशी धरला. "ओ काका, हळद नको! खराब होईल ना!"