गाण्यांच्या डब्याचा पत्ता

हरेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांदेली साफ करत होते. हात मासळीचे होते, म्हणून फोन तन्वीने उचलला. हरेश माझा धाकटा दीर, आणि तन्वी त्याचीच मुलगी. बापाची बातमी तिनेच पहिली ऐकली... ते काही केल्या मनातून जात नाही. घोडबंदरला कामावर असतानाच छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. भेटायला माणसं येत राहिली, मी चहा करत राहिले. चार माणसांत मला बोलता येत नाही. आता दीड महिना झाला. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर हे लिहिते आहे.

खारी गावात आमचं एकच घर, खाली आम्ही, वर ते. आमच्या सासूबाई धवलारीण होत्या. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला धवले म्हणतात, ते म्हणणारी ती धवलारीण. त्या थकल्या तेव्हा हरेशने त्यांचे धवले फोनवर भरून घ्यायला सुरुवात केली. त्या ओळ म्हणायच्या, मी मागे बसून तीच परत म्हणत झेलायची. मग त्याने खालच्या खोलीत फळीवर एक लहान काळा डबा, छोटा कॉम्प्युटरच म्हणे, आणून बसवला आणि सगळे धवले त्यात ठेवले. ज्या नातेवाइकाला पाहिजे त्याने आपल्या फोनवर ऐकावेत, मग तो उत्तनला असो की दुबईला. मी म्हटलं, "फोनवर गाणी मिळतातच की, मग ह्याला रात्रंदिवस वीज कशाला?" तर म्हणाला, "वयनी, ती कंपनीची गाणी, नळाच्या पान्यासारी. त्यांनी चावी बंद केली का संपलं. ही आपली घरची बाव हाय." आमच्या घरामागे विहीर होती, ती बुजवून घर मागे वाढवलं, तेव्हा वरची खोली उभी राहिली. ते त्याला लागलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

डबा अडला की माणसं त्याला कामावर फोन करायची, आणि तो मला आवाजी निरोप पाठवायचा. मला फोनवर समोरासमोर बोलायला लाज वाटते, हे त्याला ठाऊक होतं. "वयनी, हिरवी बत्ती पेटलीय कं? न्हाय? मंग मागची वायर काढ, चहा पी, आनी परत लाव." मी एकदा घरी विचारलं, चहा कशाला रे मध्येच? "तू घाई करतंस म्हनून! त्याला जरा दम खाऊ दे." प्रत्येक निरोपाच्या शेवटी सांगायचा, काम झालं की पुसून टाक, तुझा फोन भरंल. मी पुसत गेले. धवल्यांतही तो स्वतःला ठेवत नसे. भरून घेताना मध्ये काही बोलला असेल तर रात्री जेवणानंतर बसून तेवढ्या जागेचा सगळा आवाज पुसून टाकायचा. म्हणायचा, "आय गाते, मदी माझं काय काम?"

सुतकात घरात गाणं नको म्हणून मोठ्या वन्संनी स्वतः डब्याची वायर ओढली. तन्वीचं लग्न ठरलेलं होतं, ते वर्षाच्या आत करायचं म्हणून हळदीचा दिवस तसाच ठेवला. तन्वीचं एकच म्हणणं होतं, "मला आजीचेच धवले पाहिजेत. पप्पांनी प्रॉमिस केलेलं." तेराव्यानंतर आम्ही वायर लावली. हिरवी बत्ती पेटली, पण तिच्या फोनवर डबा सापडेना. माझ्या नाही, जावेच्या नाही. मी वायर काढली, खरोखर चहा केला, परत लावली. काही नाही. तन्वी फळीखालीच बसली. "काकी, सगळं उडालं असेल तर? दुसरीकडे कुठेच नाहीयेत गं ते." वन्संचा चेहरा उतरला. त्यांनीच ओढली होती ना वायर.

मला त्याचं एक बोलणं आठवत होतं, पण सांगायला धीर होईना, हसतील म्हणून. शेवटी हळूच म्हटलं, "तो बोलायचा, इंटरनेटचा तो पांढरा डबा म्हणजे वॉचमन. आपला डबा फार दिवस बंद राहिला तर त्याची खोली दुसऱ्याला देऊन टाकतो." तन्वीने माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉप उघडला. बराच वेळ आकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली, डोळ्यांत पाणी असतानाच. सुतकाला राहायला आलेल्यांनी वायफाय मागून घेतला होता, आणि डब्याची खोली, म्हणजे त्याचा जुना पत्ता, मिळाला होता वन्संच्या मोबाईलला. "आत्या, तू पप्पांच्या डब्याच्या जागेवर बसलीयेस!" वन्सं चिडल्या. "मी कोनाच्या जागंवर न्हाय बसत गो! भजनं आयकत होती मी." हरेश गेल्यापासून त्या दिवशी घरात पहिल्यांदा कुणी हसलं. डबा नव्या पत्त्यावर गप बसून होता, आणि आम्ही सगळ्या जुन्या दारावर हाका मारत होतो. तन्वीने त्याचा पत्ता त्याला परत दिला आणि सासूबाईंचा आवाज खोलीत आला.

हळदीला मांडवात तेच धवले लागले. बायका ओळी झेलत होत्या. हळद धुऊन तन्वी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "काकी, मी सगळे ऐकले. पप्पा कुठेच नाहीत गं." तो पुसायला सांगत गेला, मी पुसत गेले. एक निरोप राहिला असता तर फोन काही फुटला नसता.

मग मी तिला एक धवला लावून दिला. सुरुवातीला सासूबाई विचारतात, "म्हनू कं रं?" मागे पंखा घरघरत असतो. पुढे क्षणभर काहीच नाही, पंखासुद्धा नाही. मग पंखा परत सुरू होतो आणि त्या गायला लागतात.

"इथे तर काहीच नाहीये, काकी."

"हाय," मी म्हटलं. "इथं तो 'म्हन, आये' बोलला. मी मागंच बसली होती."

तिने धवला मागे नेला आणि परत लावला.