सयाजीराव कुणाच्या घरी चहा घेत नाहीत

सयाजीराव सैन्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याजवळ पेन्शन होती, सांगलीत दोन खोल्यांचं घर होतं आणि बावीस वर्षांची मोजण्याची सवय होती. लढाई त्यांनी बघितली नाही, ते स्टोअरमध्ये होते. ब्लँकेटं, बूट, मच्छरदाण्या, मग, सगळं मोजून घ्यायचं आणि मोजून द्यायचं. एक मग कमी भरला म्हणून एका सुभेदाराला आपण दारात कसं उभं केलं, ही गोष्ट ते भेटेल त्याला सांगत. ती ऐकली नाही असं गल्लीत कुणी उरलं नव्हतं.

असा माणूस ट्रस्टला हवाच होता. हा ट्रस्ट दरवर्षी चाळीस गरीब मुलामुलींचा कॉलेजचा खर्च उचलायचा. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तरी ती मागाहून येते. आधी भरायची फी, वसतिगृह, मेस हे ट्रस्ट बघायचा. अट एकच, आईवडिलांचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत पाहिजे. त्याचा दाखला तहसीलमधून मिळतो, आणि कसा मिळतो हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून ट्रस्ट घरी माणूस पाठवायचा. घर कसलं, दारात गाडी कुठली, गोठ्यात काय, हे डोळ्यांनी बघून फॉर्म भरायचा.

सयाजीराव हे काम फुकट करत. पेट्रोलचे पैसे तेवढे घेत. त्यांचे दोन नियम होते. तपासणीला गेलेल्या घरी चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं प्यायचं. आणि नात्यातल्या घरी तपासणीला जायचंच नाही. दोन्ही नियम त्यांचे त्यांनीच केलेले होते आणि दोन्हींचा त्यांना भारी अभिमान होता.

गेल्या वर्षी ऑगस्टात ते जतच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका वाडीत गेले. केरबा नावाच्या मेंढपाळाच्या मुलीचा अर्ज होता. माया तिचं नाव. नर्सिंगच्या डिग्रीला नंबर लागला होता आणि त्या दिवशी ती कागद जमा करायला सांगलीलाच गेली होती. घरी केरबा आणि त्याची बायको. दगडमातीचं घर, वर पत्रा, आणि मागं काट्यांच्या कुंपणात मेंढरं. पाऊसकाळ होता, म्हणून सगळा कळप घरी आलेला.

केरबाच्या बायकोनं चूल पेटवली. शेजारून कपबशी आणली, कारण घरातल्या कपांना कान नव्हते. सयाजीराव म्हणाले, "चहा नको. मी घेत नाही."

"घोटभर घ्या की," केरबा म्हणाला. "लय लांबनं आलाय."

"नाही म्हणजे नाही."

बाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. केरबाचा चेहरा पडला. आलेला पाव्हणा दारातला चहा नाकारतो म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय, एवढंच त्याला कळलं. चहा होईस्तोवर चार गोष्टी निघाल्या असत्या. कुणाची पोरं किती शिकली, यंदा रोगानं किती कोकरं गेली, कळपात कुणाकुणाची जनावरं आहेत. ते सगळं त्याच्या पोटातच राहिलं. आता साहेब विचारतील तेवढं बोलायचं, असं त्यानं ठरवलं.

"मेंढरं किती?"

"हायत की. बिरोबाची दया हाय."

"आकडा सांगा."

"भरपूर हायत, सायेब."

हा नीट सांगत नाही म्हटल्यावर सयाजीराव कुंपणाशी गेले आणि बोट दाखवत मोठ्यानं मोजायला लागले. केरबानं तोंड फिरवलं. त्याची बायको लगबगीनं आत गेली आणि भंडाऱ्याची चिमूट आणून तिनं कळपाच्या दिशेनं उधळली. सयाजीरावांनी हे बघितलं, पण त्यांना यातलं एवढंच उमगलं की माणूस काहीतरी लपवतोय. आकडा भरला एकशेएक्केचाळीस. त्यांनी मनात बाजारभावानं गुणाकार केला आणि फॉर्मवर लिहिलं: पशुधन अंदाजे पंधरा लाख. विचारता उत्तर टाळतात. मदतीस पात्र नाही.

परतताना कवठेमहांकाळच्या पुढं एका टपरीवर त्यांनी स्वतःच्या पैशानं चहा घेतला. चांगला लागला.

त्याच महिन्यात त्यांच्या धाकट्या भावाचा, नानासोचा, रहिमतपूरहून फोन आला. नानासोचा मुलगा राजवर्धन सांगलीत इंजिनिअरिंगला लागला होता आणि त्यानंही ट्रस्टकडं अर्ज केला होता. नऊ एकर ऊस, दारात ट्रॅक्टर, पण सातबारा सगळा म्हाताऱ्या आईच्या, अंबूबाईच्या नावावर. नानासोच्या नावावर गुंठाही नाही. दाखला मिळाला नव्वद हजारांचा, आणि कागदावर त्यात खोटं काहीच नव्हतं.

"दादा, तपासणीला कोण येतोय तेवढं सांगा. आन ट्रॅक्टर कुठं लावू?"

"मला काही विचारू नको, नाना. नात्यातल्या घरी मी जात नाही, आणि मला काही माहीतही नाही."

त्यांना सगळं माहीत होतं. त्या ट्रॅक्टरच्या पूजेला नारळ त्यांनीच फोडला होता. पण नियम म्हणजे नियम. ट्रस्टचे दुसरे एक गृहस्थ तपासणीला रहिमतपूरला जाऊन आले. ट्रॅक्टर नानासोच्या चुलत्याच्या खळ्यात होता, आणि त्या गृहस्थांनी चहाबरोबर उपीटही घेतलं. यादी लागली तेव्हा सतराव्या नंबरवर राजवर्धनचं नाव होतं. मायाचं नव्हतं.

ती नकाराचं पत्र घेऊन ट्रस्टच्या ऑफिसात आली होती. सचिव संयोगिताताई तिला म्हणाल्या, "बाळ, आमच्या सयाजीरावांनी डोळ्यांनी बघितलंय. त्यांच्या रिपोर्टावर आम्ही शंका घेत नाही." सयाजीराव शेजारच्या टेबलावर फाइली लावत बसले होते. वाक्य ऐकून त्यांना बरं वाटलं, अगदी खोटं कशाला बोलायचं. त्यांनी मान वर केली नाही. पोरगी पत्राची घडी घालून गेली.

यंदाच्या ऑगस्टात अंबूबाई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. नानासोनं तिला सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात आणलं. सयाजीराव उशाशी बसायला लागले. वॉर्डात एक आया होती. आया कसली, एकोणीस-वीस वर्षांची पोर. पण दवाखान्यात भांडं देणाऱ्या, लादी पुसणाऱ्या बाईला सगळे मावशीच म्हणतात, वय कोण बघतो. अंबूबाईचं ती मनापासून करायची. कुशीवर वळवताना म्हातारी कण्हली की तिच्या पाठीवरून हात फिरवायची. डॉक्टर फेरीला आले की ती मागं उभी राहून त्यांचं बोलणं कान देऊन ऐकायची.

"तुझं गाव कुठलं गं?" सयाजीरावांनी विचारलं.

तिनं वाडीचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "तुमी आलावता आमच्यात, काका. मी घरात न्हवते. आई म्हणाली, चहा बी घेटला न्हाई."

सयाजीरावांना आधी फॉर्म आठवला, मग माणसं. "तुझ्या वडिलांची एकशेएक्केचाळीस मेंढरं होती," ते म्हणाले. हे त्यांनी स्वतःच्या बचावासाठी म्हटलं होतं.

"आमची एकोणीस व्हती," माया म्हणाली. "बाकीची चुलत्याची, मामाची, आन गावातल्या तिघांची. बा राखतो. वर्साला धान देत्यात आन चार कोकरं. ज्याच्या-त्याच्या मेंढराच्या कानाला येगळी खूण अस्ती. बघितलं असतं तर दिसलं असतं."

"मग सांगायला काय झालं होतं त्यांना?"

"जित्राबाचा आकडा आमच्यात तोंडानं सांगत न्हाईत. आन थोडी हायत असं तर कळपासमोर कुणीच म्हणत न्हाई. म्हणलं की कमीच हुत जात्यात." ती भांडं उचलत होती. "तुमी मोजून गेल्यावर आठ दिसांत आमची दोन मेली. आई आजून तुमाला नावं ठिवती. मी न्हाई ठिवत."

तिचा यंदाही नंबर लागला होता. पहिली फी तीस तारखेपर्यंत भरायची होती. दवाखान्यात महिन्याला सात हजार मिळत, त्यातले साठवलेले बावीस हजार तिच्याजवळ होते. एवढ्या पैशात फी भागणार नव्हती आणि ते तिला माहीत होतं, तरी ती रोज कामावर येण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन यादीतून नाव काढलं नाही ना, एवढं विचारून यायची.

सयाजीराव तसेच उठले आणि ट्रस्टच्या ऑफिसात गेले. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. "माझी चूक झाली," असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लिहून दिलं. एकशेएक्केचाळीसवर काट मारली, एकोणीस लिहिलं, सही केली. संयोगिताताईंनी कागद दोनदा वाचला.

"प्रतीक्षा यादीत तिचं नाव मी पहिलं लावते," त्या म्हणाल्या. "पण पैसे चाळीस जणांचेच आहेत, सयाजीराव. जुन्यांपैकी कुणी अपात्र आहे असं लेखी आलं, तर त्याचा हप्ता थांबवून त्याच दिवशी तिची फी भरता येईल. तुम्ही एवढे फिरता. तुमच्या नजरेत आहे का असं कुणी?"

त्यांनी यादी पुढं सरकवली. सतरावा नंबर सतराव्या जागीच होता. सयाजीराव इतका वेळ यादीकडं बघत राहिले की ताईंनी कोरा फॉर्मच काढून दिला. "घरी बसून आठवा. तीस तारखेपर्यंत द्या." त्यांनी फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. तारीख होती सव्वीस.

सत्तावीसला त्यांनी फॉर्म उघडला, अर्जदाराच्या नावाची जागा बघितली आणि मिटला. अठ्ठावीसला आईचं ऑपरेशन झालं. सगळा खर्च नानासोनं केला, रोख. एकोणतीसला त्यांनी नानासोला बाहेर पॅसेजमध्ये नेलं आणि नुसतंच विचारलं, "राजवर्धनला ट्रस्टची मदत लागतेच का रं?"

"मिळतीया तर सोडायची कशापायी?" नानासो म्हणाला. "आन दादा, तुमच्या वाटणीचं साडेचार एकर मीच कसतोय की. कवा पै-पैचा हिशेब मागितला का तुमी मला, का म्या तुमाला?"

तो हे सहज बोलला. पण दरवर्षी कारखान्याचं बिल आलं की नानासो पाकीट आणून देत असे, आणि ते सयाजीरावांनी न मोजता घेतलेलं एकमेव पाकीट होतं. ट्रस्टच्या फॉर्मवर नानासोचं खरं उत्पन्न लिहायचं तर ते पाकीटही लिहायला लागलं असतं.

तीस तारखेला दुपारी सगळे वॉर्डात होते. राजवर्धन कॉलेजातून आला होता, अंगात नवं जर्किन, हातात हेल्मेट. आजीच्या पायाशी बसत तो म्हणाला, "ओ मावशी, कँटीनला तीन चहा सांगा की."

माया त्याच्याच वयाची. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. साडेतीन वाजले होते. कॉलेजचं ऑफिस पाचला बंद व्हायचं. सयाजीरावांचा हात खिशाकडं गेला. ट्रस्टचं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर होतं आणि चारला बंद व्हायचं.

ती चहा घेऊन आली. सगळ्यांना दिला आणि शेवटी सयाजीरावांपुढं कप धरला. "घ्या, काका. तवा आमच्यात घेटला न्हाई."

"दादा तसल्या घरचा घेत न्हाईत," नानासो हसत म्हणाला. "लय नियमाचा माणूस."

"ह्ये माझं घर न्हाई," माया म्हणाली.

सयाजीरावांनी खिशातला हात काढला आणि कप घेतला. माया कोपऱ्यातली बादली उचलून पुढच्या खाटेकडं गेली. चहा गोड होता. त्यांनी तो हळूहळू, पूर्ण संपवला, आणि संपला तेव्हा चार वाजायला आले होते.