दरवाजाची रुंदी

कर्जतला फिरायला येणारी माणसं हल्ली आमच्या आळीपाशी गाडी थांबवून फोटो काढतात. त्या फोटोत आमचं घर नसतं. जिथे ते होतं तिथे आता पत्र्याचं कुंपण आहे.

नदीकाठची सात घरं एकमेकांना चिकटून उभी होती. प्रत्येकाला पुढे ओटी, मागे परसू. कौलं इतकी खाली उतरलेली की उंच माणसाने वाकूनच आत यावं. गिरणी, देऊळ, शाळा, वाण्याचं दुकान, सगळं पायी. आमटीला आधण ठेवून कोथिंबीर आणायला जावं आणि आमटी उतू जायच्या आत परत यावं. मात्र जाता-येता प्रत्येक ओटीवरून विचारणा व्हायची, "कुठं चाललीस गं?" मी खोपोलीहून लग्न होऊन आलेली, मला त्याचा भारी वैताग यायचा. इथे शिंक आली तरी सात घरांना हिशोब द्यावा लागतो, असं मी नवऱ्याला म्हणायचे.

फ्लॅटचा हट्ट माझा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी माझी कीव करायला नको. नेरळच्या वाटेवर नवी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट. दीर आणि नवरा दोघांनी मिळून जुनं घर एका बिल्डरला द्यायचं ठरवलं, तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले.

बाबा, म्हणजे माझे सासरे, मान डोलावून परसात निघून गेले. जन्मभर भात लावलेला माणूस, बोलणं कमीच. पण आळीत कोणी गेलं की तिरडी बांधायला तेच. त्यांना बोलवावं लागत नसे. रडण्याचा आवाज आला की कोयता घेऊन निघायचे. बांबू निवडण्यापासून सुंभाच्या शेवटच्या गाठीपर्यंत दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. तिरडी ज्याच्या त्याच्या दारासमोरच बांधायची, गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. मग तो माणूस आपल्या उंबऱ्यावरून आडवा निघायचा आणि आळीतल्या प्रत्येक दारावरून नदीवर जायचा. ओटीवर बसलेले खाली उतरून उभे राहायचे. कोण गेलं हे कोणाला सांगावं लागत नसे.

आमचा दरवाजा दोन फळ्यांचा, चांगला रुंद होता. मी एकदा त्याला नावं ठेवली, की एवढा दरवाजा काय हत्ती आणायला ठेवलाय? बाबा म्हणाले, "दरवाजा आसा ठेवावा गं, की सून आत येताना नि म्हातारा भायेर जाताना तिरका व्हायला नको."

बिल्डिंगमध्ये आल्यावर वर्षभरात शेजारच्या फ्लॅटमधले रिटायर्ड मास्तर गेले. त्यांचे नातेवाईक नुसते गोंधळून उभे होते. बाबा पुढे झाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा उजळलेला पाहिला, आणि तो मरणाच्या कामात उजळला याचंही मला काही वाटलं नाही. बांबू वर मागवले. मास्तरांच्या दारासमोर, पॅसेजमध्ये मांडी घालून त्यांनी तिरडी बांधली. नियमाप्रमाणे. मास्तरांना निजवलं, चौघांनी उचललं, लिफ्टमध्ये मावणार नव्हती म्हणून जिन्याने नेली आणि पहिल्याच वळणावर तिरडी अडकली.

उभी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. मास्तर पायांकडे सरकायला लागले. त्यांची मुलगी किंचाळली. शेवटी जिन्यातच सुंभ कापला आणि मास्तरांना चादरीत घालून, गाठोडं उतरवतात तसं उतरवलं. खालून कोणीतरी म्हणालं, "काकांनी जिना बघितला नाही का?" बाबा वरच्या पायरीवर कोयता घेऊन उभे होते. मला त्यांची लाज वाटली. ती वाटली म्हणून आज माझी मलाच वाटते.

त्यानंतर ते गॅलरीत बसून असायचे. खाली उतरायचे नाहीत. उतरून जाणार तरी कुठे? गेटबाहेर हायवेसारखा रस्ता, त्याला कडेला पाय ठेवायला जागा नाही. चहा द्यायला गेले तेव्हा एकदा म्हणाले, "माजं काय करशील गं?"

"काहीतरीच काय बोलता, बाबा!"

"मला बसवून नको नेऊ नि गाठोडं नको करू. वायच बरं नाय वाटलं की जुन्या घरात ने. तितून आडवा जाईन मी. घर हाय ना उभं?"

"आहे की," मी म्हणाले. "नेईन."

त्या घराची कौलं उतरवून आठवडा झाला होता. दरवाजा कोंडाणे लेण्यांच्या रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवाल्याने नेला होता. तिथे तो शोभेला भिंतीवर लावलाय, मी पाहून आलेय.

बाबा एका रविवारी सकाळी गेले, चहा अर्धा पिऊन. बरं न वाटायला वेळच मिळाला नाही. नवऱ्याने सोसायटीत कळवलं. तिकडून निरोप आला, आज फ्लॅट बघायला लोक येणार आहेत, तिरडी पार्किंगमध्ये बांधू नका, शववाहिका मागच्या गेटला लावा. आम्ही भांडलो नाही. भांडायला हवं होतं. गाडीवाल्यांचं स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना, आणि जिन्याचं नाव कोणी काढेना.

शेवटी प्लास्टिकची खुर्ची आणली. बाबांना तिच्यात बसवलं. त्यांच्याच धोतराने छातीपाशी खुर्चीला बांधलं. नवरा आणि दीर दोन बाजूंना. मी मागे उभी राहून त्यांचं डोकं दोन्ही हातांनी माझ्या पोटाशी धरून ठेवलं. हजामतीला बसल्यासारखे दिसत होते. तीन मजले उतरेपर्यंत आम्ही तिघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

लिफ्टचं दार उघडलं तर समोर फ्लॅट बघायला आलेलं एक जोडपं. घाईने बाजूला झालं. बाई माझ्याच वयाची असेल. बाबांकडे पाहून तिने मायेने विचारलं, "आजोबांना बरं नाही का? दवाखान्यात नेताय?"

दीर हो म्हणाले.

"आमच्याकडेही सासरे आहेत," ती मला म्हणाली. "त्यांच्यासाठीच लिफ्टवाली बिल्डिंग बघतोय. म्हाताऱ्या माणसाला बरं पडत असेल ना हो इथे?"

मी हो म्हणाले. हात काढता येत नव्हता, नाहीतर बाबांची मान पडली असती.