उसाच्या बांधावरचा गायक

आमच्या बँडचा आवाज एवढा की पेठला गिटारची तार छेडली तर बेल्ह्याच्या बाजारात बैल दावं तोडायचे. भीमाशंकरच्या जंगलातली माकडं फांदी सोडून टाळ्या वाजवायची आणि खाली पडायची, असंही मी सांगत असतो. पण असू दे.

आम्ही तिघं. गायक, ड्रमवाला आणि गिटार वाजवणारा मी. तालीम गायकाच्या शेतातल्या रिकाम्या कांदाचाळीत. गाणी आमची आम्ही रचलेली, रॉकच, पण मराठीत. पुण्यात पहिला कार्यक्रम केला तेव्हा श्रोत्यांचा समुद्र उसळला होता. त्यातले दोघे वेटर होते आणि तिसरा गाडी कुठं लावू, विचारायला आत आला होता.

गायकाची आई चाळीच्या दारात येऊन ओरडायची, "आरं, म्हशी आटल्या माझ्या! जरा हळू बोंबला की!" तो हसायचा आणि आणखी वरची पट्टी धरायचा.

एकच गाणं धड रेकॉर्ड झालं. त्यातही मधेच गायकाला ठसका लागला. खोकला, हसला, "थांब रे, परत घेऊ," म्हणाला आणि पुन्हा सुरू झाला. तेवढा तुकडा कापायचा राहिला. पुढं नाशिक रस्त्यावर एका टेंपोनं त्याची मोटारसायकल उडवली. तो जागीच गेला, बँडही तिथंच संपला. ड्रमवाला कंपनीत लागला.

आमच्याकडं उसात बिबटे. माणसाचा आवाज आला की जनावर लांब राहतं, म्हणून लोक बांधावर स्पीकर लावतात. कुणी भजनं, कुणी बातम्या. गायकाच्या आईनं, मी तिला मावशी म्हणतो, माझ्याकडून तेच गाणं मागून घेतलं. दिवस कलला की लावून तिथंच बसायची.

परवा गाणं चालू असताना बिबट्यानं तिची शेळी नेली. शेजारी मला म्हणाला, "भाऊ, जनावर सरावलं त्या गाण्याला. उद्या म्हातारीलाच उचलंल. दुसरं कायतरी लाव."

मी फटाक्यांचे आवाज पेनड्राइव्हवर भरून नेले. मावशी स्पीकरपाशी शेंगा फोडत बसलेली.

"मावशी, हे लावू हितं. ते गाणं घरात ऐका."

"गाण्यातलं मला काय कळतंय? मधी बोलतो ना त्यो, त्येवढ्यासाठी बसते."

"मग ते घरात बसून ऐका की."

"घरात नको. घरात आवाज आला की ताट वाढायला उठते मी. हितं कसं, रानात कामाला आल्यावानी वाटतो."

तेवढ्यात तो खोकला. हसला. "थांब रे, परत घेऊ." मावशीचा शेंगेवरचा हात थांबला.

पेनड्राइव्ह खिशातच राहिला. आता रोज संध्याकाळी, मावशी उठेपर्यंत, मी काठी घेऊन शेजारी बसतो. गावात विचाराल तर सांगेन, सात बिबटे परतवलेत, नुसत्या काठीनं.