काका विसरले नव्हते

त्या संध्याकाळचा विषय निघाला की मी चहाचं बघायला म्हणून उठतो. बायकोनं हे एकदा पकडलं होतं. ती गेली, सवय राहिली. आमच्या संगीत मंडळातल्या जुन्या लोकांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "ते केरळचे काका गाता गाता विसरले होते बघा, तो कार्यक्रम!" मग सगळे हळहळतात. मीही हळहळतो. इतकी वर्षं हळहळत आलो. आता दुपारी पडलो तरी कूस बदलत राहतो, आणि त्या कार्यक्रमाची आठवण असलेली माणसं एकेक करून जाताहेत. म्हणून लिहितो. काका विसरले नव्हते. त्यांना मी थांबवलं.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पाऊस वर्षामागून वर्ष हुकत होता, आणि शहर मात्र वाढायचं थांबत नव्हतं. जालना रस्त्यानं करमाडकडं जाताना दोन्ही अंगांना शेतात प्लॉटचे दगड रोवलेले दिसायचे. त्याच बाजूच्या विहिरींचं पाणी टँकरनं आमच्या कॉलनीत यायचं, कारण नळाचा काही भरवसा नव्हता. टँकर यायचा तो आमच्या नगरसेवकाच्या शब्दावर. त्यांना सगळे भाऊ म्हणत. मी कॉलनीचा सेक्रेटरी होतो आणि संगीत मंडळाचाही. दोन्हीकडं काम एकच, कुणाला न दुखवता पदरात पाडून घ्यायचं.

काका आमच्या भिंतीपलीकडचे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. बायको नर्स, तिला सगळी कॉलनी सिस्टर म्हणायची. दोघं तरुणपणी केरळातून आले ते इथंच राहिले. काकांचं मराठी हिंदीच्या काठाकाठानं चालायचं, आणि हिंदी आपल्या शहागंजातली, 'नक्को' आणि 'हौ' वाली. त्यांच्या उपासाच्या दिवसांत सकाळी भिंतीतून त्यांचा आवाज यायचा. भाषा सुरियानी; येशूच्या मुलखातल्या बोलीची सख्खी बहीण, असं ते सांगत. वडिलांच्या शेजारी उभं राहून, ऐकून ऐकून पाठ झालेली. इथली मोजकी केरळी कुटुंबं एका जुन्या चर्चमध्ये जागा मागून प्रार्थनेला जमत. गुड फ्रायडेच्या आठवड्यात पहिला सूर काकांनी लावायचा, असा तिथं रिवाजच पडला होता. काका त्याबद्दल कधी बोलत नसत. पण त्या आठवड्यात सिस्टर त्यांचा पांढरा शर्ट स्वतः धुऊन इस्त्री करायची, पाणी असो नसो.

त्या वर्षी आमच्या मंडळाकडं एक आगळा कार्यक्रम आला. युरोपातल्या मठांमध्ये सात-आठशे वर्षांपूर्वी जी भजनं गायली जात, ती गाणारे तिघं भारतात फिरत होते. सोबत केरळचे एक सुरियानी गायक. दोन्हीकडचं गाणं एकमेकांत गुंफायचं, अशी कल्पना. आमच्या गावी पोचायच्या आदल्या मुक्कामी केरळच्या गायकांचा घसा बसला आणि ते घरी परतले. मला भिंत आठवली.

"काका, एक अडचण आहे," मी म्हणालो.

"पानी?"

"गाणं."

मी सगळं सांगितलं. काकांनी मान हलवली. "साहेब, हे गाना नाही. ही तुमची आरती समजा. स्टेजवर आरती करते क्या कोई?"

"करतो की! गणपतीत काय करतो मग?"

सिस्टर आतून खळखळून हसली. "फसे ना!"

काका हसले नाहीत. त्यांनी अटी सांगितल्या. पूर्वेकडं तोंड करून उभा राहीन, लोकांकडं नाही. टाळी नको. आणि एकदा सुरू केलं की शेवटपर्यंत. मध्ये काही नक्को. "मेरा बाप बुखारमध्ये उभा होता. पूरा किया. फिर गिरा."

"शब्द देतो," मी म्हणालो. तेव्हा मला तो सोपा वाटला.

हॉलमधले नळ कोरडे होते, बाथरूमला कुलूप. तरी खुर्च्या भरल्या. आमच्या शहराला गाण्याचा नाद आहे, आणि नवं काही असलं तर जास्तच. मागच्या रांगांत केरळी कुटुंबं बसली होती, सिस्टर त्यांच्यात. रंगमंचाची पूर्व बाजू म्हणजे उजवी विंग. तिथं पडद्याआड मी उभा होतो. त्यामुळं काका गायला उभे राहिले ते माझ्याकडं तोंड करून. लोकांना त्यांची एक बाजू दिसत होती, मला पूर्ण चेहरा.

युरोपातल्या तिघांनी खाली बसून एक सूर धरला. तंबोऱ्यासारखाच, पण माणसांच्या गळ्यातला. एकानं हातानं चाक फिरवून वाजवायचं वाद्य हळू सुरू केलं. त्यावर काका आले. चाल मोठी उडी घेत नव्हती. अंधारात जिना उतरताना पाय चाचपावा तशी एकेक पायरी जात होती. पुढच्या रांगेतून कुजबुज ऐकू आली, "जोगिया." "छे, भैरवच." मग तीही थांबली. मी ते गाणं भिंतीतून ऐकत आलो होतो. समोरून ऐकलं ते पहिल्यांदा. काकांचे डोळे माझ्यावर होते, पण ते मला पाहत नव्हते.

तेवढ्यात आमचे खजिनदार धावत आले. "भाऊ आलेत. सत्कार उरकून घ्या."

"गाणं चालू आहे."

"गाणं काय, परत म्हणतील. भाऊ परत येतील का? त्यांना दोन ठिकाणी जायचंय. उभे आहेत ते तिकडं."

आपल्याकडं प्रमुख पाहुणा ताटकळला तर कार्यक्रम वाया गेला म्हणतात. शाल, नारळ, हार तबकात तयार होते. दारापाशी भाऊ खरंच उभे होते. मला त्यांच्यामागं टँकर दिसत होता. मी काकांना हातानं खूण केली, थांबा. त्यांनी पाहिलं. आता ते मला पाहत होते. ते गात राहिले. मी पुन्हा खूण केली. ते गात राहिले. मग मी हात जोडले.

काका थांबले. ओळीच्या मधोमध. बसलेल्या तिघांना कळलंच नाही. त्यांचा सूर तसाच चालू राहिला, मग एकेक करून विरला. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल वाजवू लागला.

मी तबक घेऊन बाहेर आलो. भाऊंचा सत्कार केला. एक शाल उरली होती, ती भाऊंनी आपण होऊन काकांच्या खांद्यावर घातली. "वा काका, काय भजन म्हणता! म्हणा की अजून." काका त्यांच्याकडं पाहून हसले, शालीचं टोक धरून उभे राहिले, आणि मग पायऱ्या उतरून सिस्टरशेजारी जाऊन बसले. मी जवळ जाऊन "पुढं?" विचारलं. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

लोक चुळबुळ करायला लागले. मी माइकसमोर गेलो. खरं काय ते दोन शब्दांत सांगता आलं असतं. मी म्हणालो, "वयोमानानुसार काकांना थोडं विस्मरण झालं, रसिकांनी समजून घ्यावं." पुन्हा टाळ्या पडल्या, सहानुभूतीच्या. पुढचा कार्यक्रम युरोपच्या मंडळींनी एकट्यांनीच केला.

निघताना भाऊ मला म्हणाले, "सेक्रेटरी, ते विसरले ते बरं नाही झालं. मी बसलो असतो की शेवटपर्यंत. ते दुसरं ठिकाण काही एवढं घाईचं नव्हतं."

सकाळी टँकर आला. काका बादल्या घेऊन रांगेत होते. मी जवळ जाऊन उगाच नळी सरळ करत राहिलो.

"काका, काल..."

"नक्को साहेब," ते हळूच म्हणाले. "तुम्ही बोलले, मी भूल गया. आता तेच राहू द्या. भूल गया तो आदमी आहे. पण लीडरसाठी प्रार्थना थांबवली, हे आमच्या लोकांना कसं सांगू? सिस्टरला कसं सांगू?"

या वाक्यात मी पुढं लपून बसलो. त्यांचीच इच्छा आहे, असं स्वतःला सांगत आलो. पण क्रम असा नव्हता. विस्मरण आधी मी जाहीर केलं. त्यांनी नंतर ते उचललं, कारण मी दुसरं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. त्या वर्षीच्या गुड फ्रायडेच्या आठवड्यात पहिला सूर दुसऱ्या कुणीतरी लावला. अपमान कुणी केला नाही. "तुम्ही आता आराम करा," एवढंच म्हणाले. भिंतीपलीकडचा आवाजही पुढं बंद झाला. मी अनेक सकाळी उठून बसायचो, कान द्यायचो, आणि ऐकू आलं नाही की चपला घालून उगाच फाटकापर्यंत जाऊन यायचो.

बऱ्याच वर्षांनी ती दोघं घर विकून मुलाकडं राहायला गेली, पडेगावला, दौलताबाद रस्त्याच्या कडेला उठलेल्या एका नव्या इमारतीत. काका खरंच विसरायला लागलेत असं कळलं. मी रिक्षा करून गेलो. वाटेत वाक्य जुळवत होतो. रिक्षावाल्यानं दोनदा मागं वळून पाहिलं.

सिस्टरनं पाणी दिलं. काका गॅलरीत बसले होते. ती म्हणाली, "डॉक्टरनी विचारलं, कब से भूलने लगे? मी सांगितलं, त्या कार्यक्रमापासून. तुम्हीच तर माइकवर सांगितलं होतं, साहेब. मला त्याआधी कधी जाणवलंच नाही. एवढी नर्स असून." तिला त्याचंही वाईट वाटत होतं, की हे वेळेत आपल्या लक्षात आलं नाही.

मी म्हणालो, "हौ."

मग गॅलरीत गेलो. काकांनी अनोळखी पाहुण्याला करावा तसा नमस्कार केला. मी शेजारी बसलो. ऊन फार आहे म्हणालो. इकडं बरीच नवी घरं झाली म्हणालो. सिस्टर दारात चहा घेऊन उभी होती, म्हणजे ज्यांना सांगायचं ती दोघंही समोर होती. काका पुढच्याच वर्षी वारले, आणि सिस्टर मुलाबरोबर केरळात गेली. पत्ता मी मागितला नाही. रिक्षात जुळवलेलं वाक्य असं होतं: सिस्टर, ते त्या दिवशी काहीच विसरले नव्हते, मी हात जोडले म्हणून थांबले, काका, मला माफ करा.